पाचवा चौकोन

खोटं बोलायलाही सराव लागतो, आणि कवळीवाल्यांना तो अजिबात नव्हता. म्हणून तर सगळा घोळ झाला. एखादा सराईत खोटारडा असता तर त्या रविवारी दुपारी दोन वाजताच खांदे उडवून सगळं सांगून मोकळा झाला असता. हे गृहस्थ बसले मूग गिळून. एक तास पाच मिनिटं बसले.

कवळीवाले म्हणजे दातांच्या कवळ्या बनवणारे. तळमजल्यावरच्या खोलीत त्यांचं काम आणि गच्चीवरच्या खोलीत त्यांचा जीव. वर रेडिओ होता. गाणी ऐकायचा नव्हे, बोलायचा. परीक्षा देऊन, परवाना काढून हौसेनं बोलतात त्यांचा. गच्चीवर उंच खांब, खांबावर अकरा काड्यांची अँटेना, आणि ती फिरवायला टेबलावर एक डबी. डबीवरचा काटा चाळीसवर नेला की अँटेना चाळीस अंशांकडे तोंड करायची आणि तिकडचा माणूस शेजारी बसल्यासारखा ऐकू यायचा. बायको म्हणायची, "एवढं तोंड माझ्याकडे वळवलं असतंत, तर पंचवीस वर्षांत माझ्याही चार गोष्टी ऐकल्या असत्यात." ती शिवणाचे क्लास घ्यायची आणि तिच्या जिभेला कात्रीची धार होती.

वर्षातून एका रविवारी या मंडळींची स्पर्धा असायची, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. नकाशावर चौकोन आखलेले. जितक्या जास्त माणसांशी बोलाल आणि जितक्या जास्त चौकोनांतली माणसं गाठाल, तितके गुण. आता या लहरी सरळ रेषेत जाणाऱ्या. मध्ये डोंगर आला की संपलं. ज्या चौकोनात कुणी राहतच नाही तिथं बोलायला माणूस आणायचा कुठून? तर तो गाडीत घालून पाठवायचा. हा फिरता भिडू एकेका टेकडीवर चढतो, गाडीतून खांब काढून उभा करतो, बोलतो, आणि पुढच्या चौकोनात जातो. नियम एकच, आणि त्यावर सगळा खेळ: ज्या चौकोनाचं नाव घ्याल, त्यात गाडीची चाकं असली पाहिजेत. बघायला कुणी येत नाही. शब्दावर चालतं.

कवळीवाल्यांचा भिडू म्हणजे त्यांचा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, चाळिशीतला, एकटा जीव, गॅरेजमध्ये मेकॅनिक. त्याला सगळे भोंगा म्हणत. का, ते त्यानं तोंड उघडलं की कळायचं. तो फोनवर बोलायला लागला की बहीण फोन हातभर लांब धरायची आणि म्हणायची, "अरे, फोन कशाला केलास? खिडकी उघडली असतीस तरी चाललं असतं."

आणि प्रतिस्पर्धी म्हणजे गुरांचे डॉक्टर. सात वर्षं लागोपाठ करंडक त्यांच्याकडे. कवळीवाल्यांच्या पोटात याचं फार दुखायचं, आणि त्याहून मोठी गोम अशी की या मंडळींच्या क्लबात सगळ्यांच्या नोंदवह्या तपासायचं काम कवळीवाल्यांकडेच होतं. एका अक्षराची चूक असली तरी लाल रेघ मारायचे. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांचे सोळा गुण त्यांनी एका चुकलेल्या आकड्यापायी कापले होते आणि वर "नियम म्हणजे नियम" असं भाषणही ठोकलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ना, त्यातली गत.

कारण यंदा त्यांनी स्वतःच बेत केला. स्पर्धेआधीच्या गुरुवारी. शेजारच्या खोलीत बायकोच्या मशीनची घरघर चालू होती, म्हणून दोघं बिनधास्त बोलत होते.

"चार चौकोन तू कर," कवळीवाले म्हणाले. "चौथा खाणीवरच्या पठारावरून. पाचवा घाटापलीकडे आहे. रस्ता खराब, जायला-यायला दोन तास जातात. त्यापेक्षा तू पठारावरच थांब. तासाभरानं परत हाक मार आणि पाचव्याचं नाव सांग."

"पण भावोजी, तिथं नसताना?"

"अरे, तिथं टेप घेऊन कोण मोजायला येतंय?"

भोंगा गप्प बसला होता. तो गप्प बसला की घरात काहीतरी बिघडल्यासारखं वाटायचं. मग म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं."

रविवारी सकाळपासून सगळं मनासारखं चाललं. भोंग्यानं पहिले तीन चौकोन झटझट उरकले. बारा वाजून दहा मिनिटांनी तो पठारावरून आला, काटा चाळीसवर, आवाज असा की कवळीवाल्यांनी कानावरचा हेडफोन बाजूला केला. चौथा चौकोन झाला. एक वाजून वीस मिनिटांनी गर्दी ऐन भरात होती. पाच-सहा जण एकमेकांवर ओरडत होते, आणि त्या गोंगाटाखालून भोंग्याची हाक आली. काटा चाळीसवरच. त्यानं पाचव्या चौकोनाचं नाव सांगितलं.

आवाज कसा येतोय ते आकड्यांत सांगायची रीत असते. पाच-नऊ म्हणजे एकदम स्वच्छ आणि दणदणीत. पण स्पर्धेत घाई इतकी की सगळे सगळ्यांना डोळे मिटून पाच-नऊच देतात. माणूस विहिरीच्या तळातून बोलत असला तरी पाच-नऊ. कवळीवाल्यांनीही दिलं, आणि रीतीप्रमाणे चौकोनाचं नाव मोठ्यानं परत म्हटलं. "पाच-नऊ, पाच-नऊ, घेतलं!"

"भावोजी, ऐका ना, मी इथं—"

कवळीवाल्यांचा हात बटणावर गेला. हा भोळा सांब आता सगळ्यांदेखत बेत बोलून टाकणार! "घेतलं, घेतलं! पुढचा!" म्हणून त्यांनी त्याला तोडलं आणि दुसऱ्याला हाक दिली. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

ठरल्याप्रमाणे भोंगा पावणेदोनला पुन्हा येऊन "निघालो" असं सांगणार होता. पावणेदोन झाले. दोन झाले. कवळीवाल्यांनी तीनदा हाक मारली. नुसती खरखर. मोबाइलला त्या डोंगरात कधीच रेंज नसायची, तरी फोन लावून पाहिला. बाई सांगत राहिली की ग्राहक संपर्काबाहेर आहे.

आणि मग ते सुरू झालं.

या सेटवर कुणी नुसतं बटण दाबून धरलं आणि बोललं नाही, तरी पलीकडे कळतं. खरखर अचानक थांबते. काही ऐकू येत नाही, पण कुणीतरी आहे हे समजतं. दोन वाजून दहा मिनिटांनी खरखर थांबली. दोन सेकंद शांतता. पुन्हा खरखर. मग पुन्हा शांतता. बोलणं नाही, खोकणं नाही, श्वास नाही.

"कोण आहे?" कवळीवाल्यांनी विचारलं. "भोंग्या, तू आहेस का?"

शांतता. खरखर. शांतता.

ज्या माणसाचा आवाज तीन गल्ल्यांपलीकडे जायचा, तो बटण दाबत होता आणि त्याचा आवाज येत नव्हता. त्यांनी डबीवरचा काटा सगळीकडे फिरवून पाहिला. पंचाहत्तरला, घाटाच्या दिशेनं, काही नाही. चाळीसला मात्र ती शांतता यायची. चाळीसला म्हणजे खाणीकडे. तो पठारावर होता, जिथं त्यांनीच त्याला थांबायला सांगितलं होतं. आणि आख्ख्या क्लबानं ऐकलं होतं की तो घाटापलीकडे, पाचव्या चौकोनात आहे.

ती शांतता आणखी कुणालाच ऐकू येत नव्हती. डॉक्टरांचं घर डोंगराच्या आड, बाकीचे लांब. कवळीवाल्यांची गच्ची तेवढी उंचावर. ऐकणारे कान एकाच घरात, आणि त्या घराचं तोंड बंद.

डॉक्टरांनी मात्र हवेवरचं सगळं बोलणं ऐकलं होतं. तेच मध्ये बोलले, "काय झालं? तुमचा गडी सापडत नाही?"

"बटण दाबतोय. बोलत नाहीये."

"म्हणजे पडलाय, नाहीतर गाडी गेलीय. थांबा." एवढंच म्हणाले, आणि सात वर्षांचा विजेता स्पर्धा अर्धवट टाकून जीपमध्ये बसला. दहा मिनिटांत जीपच्या रेडिओवरून आवाज आला, "अग्निशमनची गाडी माझ्या मागून येतेय. तो पाचव्यात होता ना? घाट चढतो आम्ही."

हीच ती वेळ. इथं बोलायचं होतं. कवळीवाल्यांनी बटणावर अंगठा ठेवलाही. पण ज्या माणसाचे सोळा गुण कापले त्यालाच सांगायचं, की मी चोर आहे म्हणून? चोवीस वर्षं ज्यांच्या वह्यांवर लाल रेघा मारल्या ते सगळे ऐकत असताना? ते म्हणाले, "हो. पाचव्यात." मग स्वतःशी हिशेब केला: फाट्यापर्यंत रस्ता एकच आहे, फाटा यायला अर्धा तास लागेल, तोवर भोंगा स्वतःच बोलेल. माणूस भ्याला की असले हिशेब फार चटकन करतो.

बायको वर आली. तिला दारातच कळलं.

"काय झालंय माझ्या भावाला?"

त्यांनी सांगितलं, जेवढं सांगण्यासारखं वाटलं तेवढं. गाडी बंद पडली असेल. डॉक्टर निघालेत. घाटापलीकडे.

"घाटापलीकडे," ती म्हणाली आणि खुर्चीची पाठ घट्ट धरली. "बरोबर तिकडंच चाललेत ना ते? नक्की?"

"नक्की."

ती क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. "मी त्याच्या घरी जाऊन बघते. परत आला असेल आणि झोपला असेल मेला, तर दोन थोबाडीत देऊन येते." जिना उतरताना तिची एक चप्पल निसटली ती तशीच राहिली.

खोलीत कवळीवाले एकटे उरले. खरखर, शांतता, खरखर. शांतता आता दबकी यायला लागली होती. गाडीतली बॅटरी उतरत होती. प्रत्येक वेळी बटण दाबलं की ती आणखी उतरत होती. त्यांना पठाराचा कडा दिसायला लागला. खाली खाणीतलं हिरवट पाणी, कड्याला कुंपण नाही. भोंगा खांब उभा करताना नेहमी गाडी कडेला लावायचा. त्यांनी डोळे मिटले तर ते जास्तच दिसलं.

फाटा गेला. "घाटाला लागलो," डॉक्टर म्हणाले. कवळीवाले बोलले नाहीत. "निम्मा घाट झाला. इथं दरड आलीय, हळू जावं लागतंय." हे लोक एकेका मिनिटानं भोंग्यापासून लांब चालले होते, आणि लांब पाठवत होते ते स्वतः. मेला तर? तिचा भाऊ मेला, आणि मी करंडकासाठी तोंड शिवून बसलो होतो, तर?

तीन वाजून पाच मिनिटांनी त्यांनी बटण दाबलं.

"डॉक्टर, मागं फिरा. तो पाचव्यात नाही. तो खाणीच्या पठारावर आहे." त्यांचा आवाज चिरका आला. "मीच त्याला सांगितलं होतं खोटं नाव घ्यायला. तो पाचव्यात गेलाच नाही. मी खोटं बोललो. सगळ्यांशी."

हवेवर कुणीही बोललं नाही. एरवी तिथं सुई पडायला जागा नसायची.

मग डॉक्टर. शांतपणे. गाभण गाईपाशी बोलावं तसं. "ठीक आहे. एक सांगा. चौथ्यातून बोलला तेव्हा आणि पाचव्याचं नाव घेतलं तेव्हा, आवाज दोन्ही वेळा सारखाच होता का? जागा तीच असली तर आवाजही तोच पाहिजे."

कवळीवाल्यांनी वही ओढली. बारा-दहा: पाच-नऊ. एक-वीस: पाच-नऊ. त्याच्या वर पाच-नऊ, खाली पाच-नऊ, पानंच्या पानं पाच-नऊ. खरा आवाज कसा होता ते आठवायचा त्यांनी प्रयत्न केला, आणि त्यांना फक्त आपली घाई आठवली.

"सारखाच," ते म्हणाले.

"मग फिरतो आम्ही. पाऊण तास धरा."

आणि तेवढ्यात खरखर तुटायला लागली. शांतता, खरखर, शांतता, खरखर, इतक्या भराभर की मोजता येईना. बटण कुणी वेड्यासारखं दाबत होतं. कवळीवाल्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "ऐकलं त्यानं!" ते हवेवर ओरडले. "डॉक्टर, तो ऐकतोय! तुम्ही येताय म्हणून कळवतोय! आलो रे, आलो! घाबरू नकोस! आता दाबू नकोस, बॅटरी जाईल!"

पण तो दाबतच राहिला. दोन मिनिटं, तीन मिनिटं. मग दमल्यासारखा थांबला.

त्यानंतरच्या अर्ध्या तासात कवळीवाल्यांना खरंच जरा बरं वाटलं. लाज वाटत होती, पण छातीवरचा दगड उतरला होता. एकदा खरं बोललं की सगळं सुरळीत होतं अशी माणसाची समजूत असते. लहानपणी कुणीतरी डोक्यात घालतं.

पावणेचारला बायको आली. जिना चढून धापा टाकत होती. "घरी नाहीये. कुलूप आहे. पोचले का डॉक्टर? घाट उतरले का पलीकडे?"

"नाही," कवळीवाले म्हणाले. मान खाली घालून, एका दमात, त्यांनी तिलाही सगळं सांगितलं. गुरुवार, पठार, खोटा चौकोन, डॉक्टरांना मागं फिरवलं ते. ती आता कात्री चालवेल म्हणून वाट पाहत होते.

त्यांनी वर पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मागं फिरवलं?" ती म्हणाली. "अहो, तो तिकडंच गेलाय. पाचव्यातच."

"अगं नाही, आमचं ठरलं होतं—"

"माहितीय मला काय ठरलं होतं! मशीन चालू असलं म्हणून कान बंद असतात का माझे? शनिवारी मी त्याला फोन केला. म्हटलं, त्यांचं काही ऐकू नकोस. ते दुसऱ्यांच्या वह्या तपासतात आणि स्वतः असलं करतात. उद्या उघड झालं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तू खरंच जा तिकडं, आणि त्यांना तिथूनच सांग, म्हणजे बसतील गप." तिनं तोंडावर हात दाबला. "मीच पाठवलं हो त्याला त्या रस्त्यानं."

"पण आवाज खाणीकडून येतोय. चाळीसवरून. घाटाकडून काही नाही."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडता पडताच कवळीवाल्यांना आपली चूक कळली. घाटाकडून काही येणारच नव्हतं. मध्ये डोंगर होता. पण खाणीचा उभा कडा इथल्या गच्चीवरून आणि घाटापलीकडून, दोन्हीकडून दिसत होता. लहर कड्यावर आदळते आणि वळून येते. माणूस एकीकडे असतो आणि ऐकू दुसरीकडून येतो. क्लबातल्या नवशिक्यांना दरवर्षी हे शिकवायचं कोण? तर हेच.

"पण त्यानं ऐकलं कुणाचं?" ते पुटपुटले. "तुझं की माझं? मला तो 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणाला होता."

"मलाही तेच म्हणाला होता," ती म्हणाली. "तो सगळ्यांनाच तसं म्हणतो."

रेडिओवर डॉक्टर आले. दम लागलेला. "पठारावर आहोत. इथं गाडी नाही. चाकांच्या खुणा आहेत, पण त्या परत रस्त्याकडे गेल्यात. कड्याखाली माणूस उतरवतोय पाण्यात बघायला."

पाण्यात. बायकोच्या तोंडून एक आवाज निघाला, शब्द नव्हता तो. मग तिनं नवऱ्याच्या हातातून माइक काढून घेतला. पंचवीस वर्षांत तिनं त्या वस्तूला हात लावला नव्हता. धूळ पुसतानासुद्धा ती त्याला वळसा घालायची. "कुठं दाबायचं?"

त्यांनी दाखवलं.

"बाळा," ती म्हणाली. "ताई बोलतेय. तुला बोलता येत नाही ना? नको बोलूस. नुसतं दाब. भावोजींनी सांगितलं तिथं, पठारावर असशील, तर एकदा दाब. मी सांगितलं तिथं, घाटापलीकडे असशील, तर दोनदा. नीट ऐक रे. पठारावर, एकदा. घाटापलीकडे, दोनदा."

तिनं बटण सोडलं. खरखर भरून राहिली. दोघंही त्या लहानशा सेटकडे बघत होते. एकदाच दाब, कवळीवाले मनात म्हणत होते, एकदाच दाब रे बाबा. डॉक्टर तिथंच उभे आहेत, हाकेच्या अंतरावर. तीही तेच म्हणत असणार, कारण तिचे ओठ हलत होते.

खरखर थांबली. पुन्हा आली.

पुढचे दोन सेकंद कवळीवाल्यांनी श्वास घेतला नाही.

खरखर थांबली. अगदी हलकेच, जेमतेम कळेल अशी. पुन्हा आली, आणि मग कितीही वाट पाहिली तरी थांबली नाही.

"दोन," बायको म्हणाली आणि मटकन खाली बसली.

पुन्हा सगळं उलटं झालं. डॉक्टरांनी दोष दिला नाही, एक शिवीही दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. "पाण्यातल्या माणसाला वर घ्या," असं कुणाला तरी ओरडलेले ऐकू आले, मग इंजिन, मग काही नाही. पठारावरून फाटा, फाट्यावरून घाट, घाटातली दरड. पाच वाजून गेले. ऊन गच्चीच्या कठड्यावरून खाली उतरलं. बायको माइक सोडायला तयार नव्हती. ती बोलतच होती. त्याला लहानपणी विंचू चावला होता तेव्हा काय झालं ते सांगत होती, गॅरेजच्या मालकाला आपण कशा शिव्या घालणार आहोत ते सांगत होती, झोपू नकोस म्हणून दटावत होती. पलीकडून काहीच येत नव्हतं. बॅटरी संपली होती, की दाबणारा संपला होता, ते कळायला मार्ग नव्हता. कवळीवाले भिंतीला टेकून उभे होते. त्यांना भीती वाटत होती, साधी, लहान मुलासारखी, आणि ती सांगायला त्या खोलीत कुणी नव्हतं. ज्याच्याशी बोलावं ते माणूस त्यांच्याकडे पाठ करून बसलं होतं.

पाच वाजून अडतीस मिनिटांनी डॉक्टरांचा आवाज आला, फुटका, कड्यावर आपटून आलेला.

"गाडी सापडली. उतारावरून घसरून खडकाला अडकलीय... थांबा..." खरखर. "आहे. जिवंत आहे. दोन्ही पाय अडकलेत गाडीखाली. माइक फुटलाय, तारेचं नुसतं बटण हातात धरून बसलाय. कापून काढतायत. एक पाय..." ते थांबले. "एका पायाचं सांगता येत नाही. तासभर आधी आलो असतो तर सांगता आलं असतं."

बायको ढसाढसा रडायला लागली. कवळीवाल्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, पण धरलाही नाही.

"डॉक्टर," कवळीवाले म्हणाले, "त्याला म्हणावं... त्याला सांगा..."

"तोच काहीतरी म्हणतोय," डॉक्टर म्हणाले. "तुमच्याशीच बोलायचंय. माझा माइक त्याच्या तोंडाशी धरतो. जपून, फार बोलायला लावू नका."

खडखड झाली. मग श्वास ऐकू आला, आणि मग भोंग्याचा आवाज. आवाज कसला, कुजबुज. ती ऐकायला दोघांना सेटच्या जाळीला कान लावावे लागले.

"भावोजी," तो म्हणाला, "तुम्ही त्यांना मागं फिरवलंत ना, तेव्हा मी इतक्या वेळा दाबलं... मी नाही म्हणत होतो हो. नाही, नाही, नाही म्हणत होतो."